नवऱ्याला झांबियात शेतावर नोकरी. पोरीला घेऊन जावं का? कुणी राहिलंय का तिकडे?

मनीषनगरवाली

नमस्कार मंडळी. नवरा अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचा बी.एस्सी. अ‍ॅग्री, गेली अकरा वर्षं ठिबकच्या धंद्यात. त्याला झांबियात मकुशी म्हणून भाग आहे, तिथल्या एका मोठ्या शेतावर सिंचनाचा मॅनेजर म्हणून बोलावणं आलंय. तीन वर्षांचा करार, घर त्यांचं, गाडी त्यांची. शेत डांबरी रस्त्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर आत आहे. लेक सहा वर्षांची. सासूबाई 67, बीपीची गोळी चालू. मी एका पतसंस्थेत आहे, ती नोकरी सोडावी लागेल.

माझा भाऊ म्हणतो, "काहून जंगलात जाता बाप्पा, बुटीबोरीत काय कमी आहे?" नवरा रोज रात्री मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून ते मोठमोठे हिरवे गोल दाखवतो. मला गोल दिसतात, माणूस एकही दिसत नाही.

साप किती, मलेरियाचं काय, पोरीची शाळा कशी, डाळ-तांदूळ मिळतो का? प्रत्यक्ष राहिलेल्यांनीच सांगा. यूट्यूब मीही पाहिलंय.

कळमन्याचा दालवाला

राहिलो नाही, पण तुरीच्या कामाने मलावी आणि मोझांबिकला चार फेऱ्या झाल्या आहेत. झांबिया दोघांच्या शेजारीच. डाळीची चिंता करू नका. नागपूरच्या दालमिलांत जी गजरी तूर येते ती मोझांबिकची. 2016 मध्ये आपल्या सरकारने त्यांच्याशी तुरीचा करार केला, त्याआधीपासून व्यापारी आणतच होते. म्हणजे तुमच्या घरचं वरण कदाचित आधीच आफ्रिका पाहून आलेलं आहे, तुम्हीच राहिल्या आहात.

दुसरं, "आफ्रिका" म्हणून घाबरू नका. झांबिया 1964 ला स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथे यादवी झालेली नाही. इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने.

विदर्भी

पगार डॉलरमध्ये आहे का क्वाचात, म्हणजे तिथल्या चलनात? कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. बाकी चर्चा नंतर.

बाना चिऊ

विदर्भी यांचं बरोबर आहे, ते आधी बघच. आता माझं.

दोन वर्षांनी इथे लिहून राहिली आहे, केवळ मकुशी हे नाव दिसलं म्हणून. आम्ही तिथेच होतो, एप्रिल 2022 ते जुलै 2025. नवरा शेतावरच्या वर्कशॉपमध्ये, ट्रॅक्टर-कम्बाइन त्याच्याकडे. चिऊ जाताना साडेपाच वर्षांची होती. आता त्रिमूर्तीनगरला आहोत.

तू चार प्रश्न विचारलेस. साप, मलेरिया, शाळा, डाळ. त्यात तू स्वतः कुठे आहेस गं? मीसुद्धा जाताना अशीच यादी केली होती आणि तिच्यातल्या एकाही गोष्टीने मला रडवलं नाही. रडवलं ते सकाळी साडेपाच ते संध्याकाळी सातने. नवरा साडेपाचला बाहेर पडतो, पेरणी-कापणीच्या दिवसांत सातला येतो, जेवता जेवता पेंगतो. पोर आठवड्यात रुळते. राहते कोण? शेजारचं घर आमच्यापासून सात किलोमीटरवर होतं. तू म्हणतेस ते हिरवे गोल म्हणजे सेंटर पिव्हट, चाकांवरचा लांबच लांब पाइप, हळूहळू गोल फिरत पाणी मारतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दिसायचा. पहिले दोन महिने मी तो कुठवर सरकला ते बघत बसायची. सकाळी निलगिरीच्या रांगेशी, दुपारच्या चहाला पंपघराशी. पिव्हट बघून वेळ सांगणारी नागपूरची पहिली बाई मीच असेन.

म्हणून सगळ्यात आधी गाडी शिक. स्कूटी नाही, गिअरची चारचाकी, आणि चिखलात. नवऱ्याला करारात लिहून घ्यायला लाव की घरच्या वापराला दुसरी गाडी मिळेल, जुनी खटारा पिकअप का असेना. आम्ही हे विचारलं नव्हतं, मिळायला सात महिने गेले. ते सात महिने मी कोथिंबिरीसाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते. गाडी हातात आल्यावर दर गुरुवारी मकुशीला जायला लागले. गाव लहान, एक मोठा रस्ता, बँका, बाजार, पेट्रोलपंप. मला ते सीताबर्डी वाटायचं. नोकरीचं विचारशील तर, तुझा परवाना नवऱ्याच्या परवान्यावर अवलंबून असतो. तिथे पगाराची नोकरी करायची तर स्वतंत्र परवाना लागतो. पतसंस्थेतून बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनामा देऊ नकोस.

प्रवासाचं पटकन सांगते. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लुसाका. दुबईवरूनही जाता येतं. अदिसवरून गेलात तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान 10 दिवस आधी टोचून घ्या. ते कार्ड आता आयुष्यभर चालतं, हरवू नका. लुसाकाहून मकुशी साधारण 300 किलोमीटर, ग्रेट नॉर्थ रोडने. काब्वे लागतं, मग कापिरी म्पोशी, जिथे दार-ए-सलामची रेल्वे येऊन संपते. रस्ता तांब्याच्या ट्रकांनी भरलेला. ट्रक बंद पडला की मागे झाडाच्या फांद्या तोडून टाकतात, तीच धोक्याची खूण. रस्त्यावर पाला दिसला की ब्रेक. आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर जायचंच नाही, कितीही घाई असो.

थंडीचं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नवऱ्याने "आफ्रिका आहे, स्वेटर कशाला" म्हणून दोनच ठेवले होते. तो भाग हजार मीटरपेक्षा जास्त उंचावर आहे आणि जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा. मे महिन्यात गहू पेरतात, आपल्याकडे उन्हाळवाही चाललेली असताना! सकाळी दातावर दात वाजतात. घरात मबाउला ठेवतात, म्हणजे कोळशाची शेगडी, पण बंद खोलीत ती कधीही ठेवू नकोस. कडक ऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, एक थेंब पडलेला नसताना, जंगलातल्या झाडांना लालभडक कोवळी पानं फुटतात. अख्खी टेकडी तांबडी. आपल्याकडे फाल्गुनात पळस दिसतो तसं, फक्त ही फुलं नाहीत, पानं. पहिल्या वर्षी मला वाटलं वणवाच लागला. वणवेही लागतात म्हणा, त्यासाठी हिवाळ्यातच शेताभोवतीचा पट्टा साफ करून ठेवतात.

साप. आहेत. पफ अ‍ॅडर आपल्या घोणसाचा भाऊच, वाटेवर पडून राहतो आणि हलत नाही. डोळ्यांत विष उडवणारा नागही आहे. सव्वातीन वर्षांत अंगणात पाच पाहिले, चावा कुणालाच नाही. बॅटरीशिवाय बाहेर नाही, बूट झटकल्याशिवाय पाय नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन तिकडच्या सापांवर उपयोगाचं नाही, त्यामुळे कुणी इकडून बांधून दिलं तर घेऊ नका. सगळ्यात जवळच्या कोणत्या दवाखान्यात तिथलं औषध असतं, ते पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा.

पण सापापेक्षा माशी! पुत्सी माशी म्हणून एक असते. ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि कपडे अंगात घातले की अळी कातडीत शिरते. चिऊच्या पाठीवर गळू आलं, मी हळद लावत बसले. घरी कामाला यायच्या त्या ताईंनी पाहिलं आणि हसायलाच लागल्या. व्हॅसलिनचा जाड थर लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी दोन अंगठ्यांनी दाबून पांढरी अळी बाहेर काढली आणि मला तळहातावर दाखवली. मी गच्च डोळे मिटले, चिऊने मात्र ती डबीत ठेवायची म्हणून हट्ट धरला. तेव्हापासून घरातला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री, चड्ड्या-बनियनांपासून पंचांपर्यंत. वीज नसली की कोळशाची इस्त्री. आपल्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांची मला तिथे इतकी आठवण यायची, तेवढी माहेरची आली नसेल.

विजेवरून आठवलं. 2024 चा दुष्काळ आम्ही तिथे काढला. झांबियाची बरीच वीज करिबा धरणातून येते. फेब्रुवारीत पाऊस गेला तो गेलाच. महिनाअखेरीस सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली आणि धरण आटल्यावर दिवसाचे दोन-तीन तास वीज आली तर आली. आमच्या घराला सोलर होतं, फ्रिज आणि दिवे चालायचे. ओव्हन, गिझर विसरून जायचं.

पण मला त्या वर्षाचं वेगळंच आठवतं. माझं माहेर राळेगावकडचं, कोरडवाहू कापसाचं. फुलोऱ्यात पाऊस ओढ देतो तेव्हा माणूस आभाळाकडे कसं बघतो ते मी लहानपणापासून बघत आले आहे. शेतावरच्या कामगारांची स्वतःची मक्याची लहान लहान शेतं होती. कणसं भरायच्या वेळी उभा मका वाळला. तसेही जानेवारी ते मार्च तिथले उपासाचे महिने, जुना दाणा संपलेला, नवा यायचा असतो. त्या वर्षी नवा आलाच नाही. आणि इकडे आमच्या कुंपणाच्या आत पिव्हट फिरतोय, सोयाबीन हिरवंगार. फाटकाशी बायका यायच्या, मक्याचं पीठ मिळेल का विचारायला. अडीच एकराच्या बापाची लेक मी, आणि तिथे फाटकाच्या आतली "मॅडम". मी दर वेळी दिलं असंही नाही. कधी पडदा ओढून आत बसले. हे तुला कुणी सांगणार नाही, पण जाताना माहीत असू दे. तिकडे तू गरीब नसतेस.

"मॅडम" मला फार टोचायचं. ते सुटलं कसं ते ऐक. तिकडे बेम्बा बोलतात. बेम्बात बाईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात, बाना म्हणजे आई, बापाला बाशी. आपल्याकडे "चिऊची आई" म्हणतात तसंच! ताईंना हे सांगितलं, त्यांनी चारचौघींना सांगितलं, आणि पावसाळ्यापर्यंत मी सगळ्या शेतावर "बाना चिऊ" झाले होते. भाषा थोडी शिकच. भेटल्यावर "म्वापोलेनी" म्हणायचं, मोठं माणूस असेल तर किंचित वाकून टाळी वाजवल्यासारखे हात जोडायचे. मग "मुलिशानी?" म्हणजे कशा आहात. चिऊला पहिल्याच दिवशी वाटलं लोक तिला "मुली, शाणी?" विचारतात. ती मान हलवून "हो, शाणी" म्हणून मोकळी. तेच उत्तर शेवटपर्यंत चाललं.

पोट्टीची काळजी खरंच करू नकोस. महिन्याभरात कामगारांच्या मुलींबरोबर मातीत खळगा करून खडे झेलायला लागली, अगदी आपले सागरगोटे. शाळा मात्र नीट बघ. तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे अर्धं वर्ष पुढे-मागे होतं. आमच्यापासून 26 किलोमीटरवर शेतकरी कुटुंबांनी चालवलेली लहानशी शाळा होती, आम्ही चार घरं पाळीपाळीने गाडी काढायचो. पावसात आठवड्यातून एखादा दिवस रस्ता बंद. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं आधीच फोनमध्ये उतरवून ने, फुकट आहेत. रोज अर्धा तास. आम्ही दुसऱ्या वर्षी आळस केला, त्याची फळं आता भोगून राहिलो. पोरगी "ळ" म्हणतच नाही, टिळकांचे "टिलक" केलेत.

खाण्याचं माझ्या आवडीचं म्हणून शेवटी ठेवलं. तिथलं रोजचं जेवण न्शिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. बेम्बात त्यालाच उब्वाली म्हणतात. त्याच पिठाची उकड काढून भाकर थापली तर ज्वारीच्या भाकरीची बहीण होते, सख्खी नाही, चुलत. शाकाहारी असाल तर इफिसाशी शिकून घे. भोपळ्याची पानं शिजवून त्यात शेंगदाण्याचं कूट. वर मी लसणाची फोडणी घालायची, तर ताई म्हणायच्या, चांगल्या भाजीला जाळता कशाला! मशरूम पावसात रस्त्यावर विकायला येतात, एकेक छत्रीएवढं, वारुळावर उगवणारं. पण स्वतः तोडून आणू नकोस. सुरवंट आणि वाळवीचे पंखवाले किडेही खातात. मी नाही खाल्ले, चिऊने खाल्ले, तुझी लेक पण खाईल, तेव्हा आरडाओरडा करू नको.

आट्याची मात्र अडचण. दुकानातलं पीठ मैद्यासारखं, पोळी चामडं होते. शेतावरचा गहू मी चिगायोवर दळून आणायची, मक्याची गिरणी ती, रवाळच दळते. दोनदा चाळून पोळ्या. तूरडाळ, पोहे, साबुदाणा लुसाकाला कमवाला भागात गुजराती दुकानांत मिळतो, तीन महिन्यांचा एकदम भरायचा. भिवापुरी तिखट आणि सावजी मसाला मात्र इथूनच, सीलबंद. पेरायचं बियाणं परवान्याशिवाय नेता येत नाही. माझ्या डब्यातली खायची मेथी वाफ्यात कशी गेली ते विचारू नकोस.

तान्ह्या पोळ्याला चिऊ रडली होती, लाकडी बैल इथेच राहिला म्हणून. शेतावरच्या सुताराने मुक्वाच्या लाकडाचा करून दिला, आपल्या बिजाच्या जातीचं झाड ते, तसंच तांबूस. त्याला चाकं लावायची हे मात्र त्याला काही केल्या पटेना. बैलाला चाकं कशाला? शेवटी लावली. तो बैल येताना घेऊन आलो, साडेचार किलो वजन, त्याच्यापायी माझ्या दोन साड्या तिथे राहिल्या.

मेडिकलचा माजी

बाना चिऊ यांनी मलेरियाचं सांगितलंच नाही, म्हणून लिहितो. तिकडचा मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम, लहान मुलांना झपाट्याने धरतो. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी तपासणी. जाण्याआधी मुलीसाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना वजन सांगून विचारा. आणि सुट्टीवर नागपूरला आल्यावर, अगदी महिन्या-दोन महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरसमोर पहिलं वाक्य "मी झांबियातून आले". गडचिरोलीमुळे आपल्याकडच्या डॉक्टरांना फाल्सिपॅरम नवा नाही, पण मनीषनगरची बाई ताप घेऊन आली की डोक्यात आधी डेंग्यूच येतो.

बाना चिऊ

हो, राहिलंच ते. चिऊला एकदा झाला, मला दोनदा. तपासायच्या पट्ट्या घरात ठेवायचो.

मनीषनगरवाली

ताई, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, दुसऱ्या गाडीचं आज रात्रीच ईमेलने विचारतोय. पडदा ओढून बसल्याचं वाचून जरा वेळ गप्पच झाले.

सासूबाईंचं विचारायचं होतं. त्यांना नेणं बरं का? त्यांचे उपास, देव, सगळं कडक असतं. आणि तुम्ही परत का आलात?

बाना चिऊ

परत आलो ते करार संपला आणि माझ्या बाबांची तब्येत बिघडली म्हणून. कंटाळून नाही. नवरा अजून रोज तिकडच्या पावसाचा अंदाज बघतो.

सासूबाईंचं खरं सांगू का, पहिल्या वर्षी नको. आधी तू रुळ. माझ्या सासूबाई दुसऱ्या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बीपीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट पूर्ण मुदतीच्या आणल्या, ते बरं झालं. त्यांचं अडलं ते संकष्टीला. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ नागपूरची, तिथे घड्याळ साडेतीन तास मागे, आणि चंद्र त्या वेळेला उगवतच नाही. साडेतीन तास वजा करूनही जमत नाही, कारण जागाच वेगळी. पहिल्या संकष्टीला बाई रात्री साडेदहापर्यंत अंगणात शाल पांघरून उपाशी. चंद्र कधीचाच निलगिरीच्या मागे येऊन उभा होता, आम्ही भलतीकडेच बघत होतो. सूर्यसुद्धा दुपारी उत्तरेकडून जातो तिकडे, त्यांच्या देवघराची दिशा ठरवताना आमच्या घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. नंतर फोनवर मकुशीची चंद्रोदयाची वेळ काढून द्यायला लागले, तर म्हणाल्या, "फोनचा चंद्र चालतो का गं?" चालला.

फोनचं म्हणशील तर नागपूरला रात्रीचे नऊ म्हणजे तिथे साडेपाच. तुझ्या आईच्या मालिका संपायच्या आधी लाव, नाहीतर ती उचलत नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये रस्ते बरे असतील तर कसान्का नॅशनल पार्कला नक्की जा, पुढे सेरेंजेच्या बाजूला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे एका लहानशा रानात लाखो वटवाघळं उतरतात, 80 लाख ते एक कोटी सांगतात. संध्याकाळी उडाली की आभाळ भरून जातं. चिऊ म्हणाली, "आई, फुटाळा तलावावर एवढे लोक पण नसतात."

कुकरच्या रिंगा चार घे, शिट्ट्या दोन. तिकडे आपल्या मापाच्या मिळत नाहीत. मी एकच नेली होती, ती सहाव्या महिन्यात गेली आणि पुढे लुसाकाची फेरी होईपर्यंत वरण पातेल्यात, कोळशावर, दोन तास.

मनीषनगरवाली

रिंगा पाच लिटरच्या का तीनच्या?

बाना चिऊ

दोन्हीच्या. आणि तूर रात्रीच भिजत घालत जा.